फॅमिली कारचं इंजिन आणि गिअरबॉक्स: तुलना कोणत्या क्रमाने करायची

शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा "ऑटोमॅटिकमध्ये मिळेल का?" दोन्ही प्रश्न विचारायलाच हवेत, पण ते फार लवकर विचारले जातात. आपली गाडी रोज कुठे, किती आणि कोणाला घेऊन धावणार हे ठरलेलं नसताना मिळालेल्या उत्तरांवर निर्णय घेतला, की ठरावीक चुका होतात. टेस्ट ड्राइव्ह मॅन्युअलची घेतली जाते आणि बुकिंग एएमटीचं, म्हणजे ऑटोमॅटिकच्या एका प्रकाराचं, होतं. महिन्याला चारशे किलोमीटर रनिंग असलेल्या घरात डिझेल येतं. सात माणसांसाठी सीएनजी घेतली जाते आणि पहिल्याच घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नसते.

यावर उपाय एकच: इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी म्हणून पाहा, आणि ती जोडी स्वतःच्या रस्त्यावर तपासा. तेच १.२ लिटरचं इंजिन मॅन्युअलबरोबर एक गाडी असते आणि एएमटीबरोबर वेगळीच. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. विजेवरच्या गाड्यांची तुलना वेगळ्या पद्धतीने करावी लागते, म्हणून त्या इथे घेतलेल्या नाहीत.

## १. आधी आपला रस्ता लिहून काढा

एक आठवडा वहीत किंवा मोबाइलमध्ये प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: किती किलोमीटर, किती वेळ लागला, गाडीत किती माणसं होती. आठवड्याच्या शेवटी एकूण किलोमीटरला एकूण तासांनी भागा. येणारा सरासरी वेग तुमच्या वापराबद्दल कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगतो.

- सरासरी ताशी २० किलोमीटरच्या खाली असेल, तर तुमचा बहुतेक वेळ क्लच, ब्रेक आणि थांबण्यात जातो. इथे गिअरबॉक्स महत्त्वाचा, इंजिनाची ताकद नंतर.
- २० ते ४०च्या मध्ये असेल, तर दोन्हींना सारखं वजन द्या.
- ४०च्या वर असेल, म्हणजे रोजचा हायवे असेल, तर इंजिन आधी बघा.

याशिवाय चार गोष्टी टिपा. सोसायटीच्या पार्किंगचा चढ किती उभा आहे आणि त्यावर मध्येच थांबावं लागतं का? गाडी पूर्ण भरून वर्षातून किती वेळा निघते? गावाच्या वाटेवर घाट आहे का? आणि घरात गाडी चालवणारे कोण कोण? गुडघेदुखी असलेले वडील किंवा नुकतंच शिकलेली मुलगी रोज गाडी नेणार असेल, तर त्यांची नोंद स्वतःच्या नोंदीइतकीच महत्त्वाची.

तपासा: "महिन्याला दीड हजार तरी होतात" हा अंदाज बहुधा फुगलेला असतो. जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या दोन बिलांवरची किलोमीटरची नोंद घ्या, वजाबाकी करा आणि मधल्या महिन्यांनी भागा. पुढची सगळी आकडेमोड याच आकड्यावर उभी आहे.

## २. इंधन ठरवा, पण हिशोब मांडून

डिझेलबद्दल आधी एक अट बघा. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराबाबतचं मानक लागू झालं आणि आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज तीन किलोमीटर शाळा आणि दोन किलोमीटर मंडई एवढंच रनिंग असेल, तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. आठवड्यातून एकदाही मोकळा रस्ता मिळत नसेल, तर डिझेल यादीतून काढून टाका. पुढचा हिशोबही करू नका.

ही अट पार झाली तर वसुलीचं गणित मांडा. खालचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, तुमच्या शहरातले दर घाला.

समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे आणि शहरात गाडी १४चं ॲव्हरेज देते. किलोमीटरला साधारण ७ रुपये ४३ पैसे पडले. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज १७ धरलं, तर ५ रुपये ३५ पैसे. वाचले २ रुपये ८ पैसे. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत १ लाख ६० हजारांचा फरक असेल, तर तो वसूल व्हायला जवळपास ७७ हजार किलोमीटर लागतील. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर सहा वर्षांहून जास्त.

सीएनजीचं गणित लवकर सुटतं. ८० रुपये किलो आणि २२चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला ३ रुपये ६४ पैसे. १६चं ॲव्हरेज देणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीचा खर्च साडेसहा रुपये येतो. लाखभराचा फरक ३५ हजार किलोमीटरमध्ये, म्हणजे त्याच रनिंगला तीन वर्षांत भरून निघतो. पण पैशाबाहेरच्या तीन गोष्टी मोजा: डिकीतली जागा, पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ आणि गावाच्या वाटेवर पंप कुठे आहेत. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करून घ्यावी लागते, तो खर्चही धरा.

हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीचा, हिशोब उलट आहे. हायराइडर, ग्रँड विटारा किंवा सिटीच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात गाडी जेवढी अडखळत चालेल तेवढा फायदा जास्त, कारण ब्रेक लावताना बॅटरी भरते आणि रांगेत सरकताना बराच वेळ इंजिन बंद राहतं. पुण्या-मुंबईतली गर्दी रोज सोसणाऱ्यांनी तो विचारात घ्यावा. रोज १२०च्या वेगाने द्रुतगती मार्गावर जाणाऱ्याला तेवढा फरक दिसणार नाही. ज्यांना 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रिड म्हणतात ती वेगळी गोष्ट आहे. त्या गाड्या फक्त विजेवर चालत नाहीत.

सावधान: फरक नेहमी ऑन-रोड किमतीत काढा. महाराष्ट्रात डिझेल गाडीचा एकरकमी कर त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त असतो. जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के आहे, त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के. त्यामुळे चार मीटरच्या आतली दीड लिटर पेट्रोल गाडी ४० टक्क्यांत जाते आणि तेवढीच दीड लिटर डिझेल १८ टक्क्यांत राहते. जुने लेख आणि व्हिडिओ पाहून किमतीची तुलना करू नका.

## ३. "ऑटोमॅटिक" म्हणजे नक्की कोणता, हे विचारून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा. क्लचचं पेडल नाही एवढ्यावर विक्रेता सगळ्यांनाच ऑटोमॅटिक म्हणतो. प्रत्यक्षात चार वेगळी यंत्रं आहेत आणि चारांचा स्वभाव वेगळा आहे.

एएमटी. आत नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम मोटर करते. मारुतीत त्याला एजीएस म्हणतात. स्विफ्ट, वॅगन आर, टियागो, पंच या गाड्यांत तो मिळतो. किंमत कमी, ॲव्हरेज मॅन्युअलच्या बरोबरीचं, दुरुस्ती तुलनेने सोपी. त्रास एवढाच, की गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते आणि मान पुढे जाते. गिअर बदलायच्या बेताला पाय किंचित हलका केला की हा झटका बराच कमी होतो. उभ्या चढावर रिव्हर्स घेताना मात्र एएमटीला सांभाळावं लागतं, आणि नवशिक्या चालकाला तिथेच घाम फुटतो.

सीव्हीटी. ठरावीक गिअर नसतात. पुल्ली आणि पट्टा यांच्या मदतीने गुणोत्तर सलग बदलत राहतं. होंडा अमेझमध्ये आणि क्रेटाच्या साध्या दीड लिटर पेट्रोलमध्ये हा मिळतो, ह्युंदाईचं नाव आयव्हीटी. शहरात इतका मऊ चालणारा दुसरा गिअरबॉक्स या किमतीत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो, हा त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. तुम्ही शांत चालवणारे असाल तर तो आवाज महिन्यातून दोनदा ऐकू येईल.

टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचा दुवा असतो. एर्टिगाचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, क्रेटा डिझेल आणि एक्सयूव्ही ३एक्सओचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र असलेला) पेट्रोल ही उदाहरणं. गर्दी, चढ, पूर्ण भरलेली गाडी हे सगळं हा निमूट सोसतो. ॲव्हरेज थोडं कमी आणि किंमत जास्त. घाटातलं गाव आणि मोठं कुटुंब असेल, तर माझी पहिली पसंती हाच.

डीसीटी. दोन क्लच असतात, एक सम गिअरांचा आणि एक विषम गिअरांचा, म्हणून बदल अतिशय झटपट होतो. व्हेन्यूचा एक लिटर टर्बो, क्रेटाचा टर्बो, टायगुन-व्हर्टसचा दीड लिटर टर्बो या गाड्यांत हा असतो. हायवेवर सुंदर चालतो. अडचण बंपर टू बंपर गर्दीत येते. गाडी दोन-चार फुटांनी सरकत राहिली की क्लच सतत अर्धवट घासतो आणि तापतो. कोरड्या क्लचच्या डीसीटीत हे लवकर होतं. तेलात बुडालेला, म्हणजे वेट क्लच असेल तर सहनशक्ती जास्त, नेक्सॉनचा डीसीए (टाटाच्या डीसीटीचं नाव) त्यातला. विक्रेत्याला कोरडा की ओला हे विचारा. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

किया सोनेटसारख्या काही गाड्यांत आयएमटी हा पाचवा प्रकार दिसेल. त्यात क्लचचं पेडल नसतं, पण गिअर हातानेच टाकायचा असतो. तो ऑटोमॅटिक नाही.

मॅन्युअल अजूनही यादीत ठेवा. रनिंग कमी, चढ कमी आणि चालवणारा एकच असेल, तर बहुतेक वेळा तोच सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ पर्याय ठरतो.

सावधान: ऑटोमॅटिक कोणताही असो, चढावर गाडी ॲक्सिलरेटरने धरून ठेवू नका. सिग्नलला ब्रेक दाबा किंवा हँडब्रेक ओढा. एएमटी आणि डीसीटीचे क्लच याच एका सवयीमुळे अकाली जळतात.

## ४. माहितीपत्रकातले तीनच आकडे वाचा

एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं ॲव्हरेज प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या चक्रात मोजलेलं असतं. दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला ते चालतं, तुमच्या खिशाचा हिशोब करायला चालत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडी घट धरूनच चला.

पीएसचा, म्हणजे कमाल ताकदीचा, आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि हे तीन बघा: टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) किती, तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मिळतो, आणि गाडीचं वजन किती.

बहुतेक साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या, पेट्रोल इंजिनांचा पूर्ण टॉर्क ४,००० आरपीएमच्या पुढे मिळतो. टर्बो पेट्रोल आणि डिझेलचा बहुधा १,५०० ते १,८००च्या आसपास सुरू होतो. क्रेटाचं साधं दीड लिटर पेट्रोल आणि दीड लिटर डिझेल, दोन्हींची ताकद ११५ पीएसच्या आसपास आहे, पण टॉर्क १४४ विरुद्ध २५० न्यूटन मीटर. कागदावर सारखी दिसणारी ही इंजिनं पूर्ण भरलेल्या गाडीत अजिबात सारखी चालत नाहीत.

भरलेल्या गाडीचा टॉर्क मोजायची सोपी रीत आहे. एर्टिगा पेट्रोलचा टॉर्क सुमारे १३७ न्यूटन मीटर आणि वजन सुमारे १,१७५ किलो, म्हणजे टनामागे ११७. सात जणांचे ४२० किलो आणि सामानाचे ६० किलो घातले की टनामागे ८३ उरतात. सीएनजीवर टॉर्क १२१.५ होतो आणि सिलिंडरमुळे वजनही वाढतं, तेव्हा आकडा सत्तरच्या आसपास येतो. त्यात महाबळेश्वरसारख्या साडेचार हजार फुटांवर हवा दहा-बारा टक्क्यांनी विरळ असते आणि बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो ती घट बरीचशी भरून काढतो.

तपासा: तुमच्या यादीतल्या प्रत्येक जोडीचा भरलेल्या गाडीचा हा आकडा लिहा. शहरात दोघांना पुरणारं इंजिन मे महिन्यात कोकणात जाताना पुरेल का, हे इथेच कळतं.

## ५. टेस्ट ड्राइव्ह: हीच खरी परीक्षा

आता यादीत तीनपेक्षा जास्त जोड्या नसाव्यात. फोनवरच सांगा: "मला याच इंजिनाची आणि याच गिअरबॉक्सची गाडी हवी." शोरूमकडे दुसरी जोडी असेल आणि "सेमच आहे, फक्त गिअरबॉक्स वेगळा" असं सांगितलं गेलं, तर जाऊ नका. दुसरी शाखा शोधा.

सगळ्या गाड्या शक्यतो दोन दिवसांच्या आत, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर चालवा. शोरूमच्या मागचा सपाट, मोकळा रस्ता कामाचा नाही. गाडी घरी मागवा. घरातली तीन-चार माणसं बसवा, एसी पूर्ण सोडा आणि म्युझिक बंद करा. मग या क्रमाने जा.

थंड इंजिन. गाडी आल्यावर सुरू ठेवायला सांगू नका. स्वतः सुरू करा. तीन सिलिंडरच्या इंजिनाचा थरथराट स्टिअरिंगला आणि मागच्या सीटला किती जाणवतो ते बघा. मागे बसलेल्या आईला विचारा, चालकाला ते कळत नाही.

रांगेतली चाल. संध्याकाळी सातच्या गर्दीत पंधरा मिनिटं. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवरून पाय हळूच काढा. गाडी आपोआप सावकाश सरकते की धक्का देते? मॅन्युअल असेल तर क्लच किती जड आहे आणि तो कुठे पकडतो, हे बघा. डावा गुडघा दुखू लागला तर उत्तर मिळालं. टर्बो इंजिनात १,५०० आरपीएमच्या खाली गाडी निर्जीव वाटते का, स्पीडब्रेकरनंतर दुसऱ्या गिअरमध्ये उचलते की पहिला टाकावा लागतो, हेही इथेच पाहा.

चढावर थांबून निघणं. सोसायटीच्या रॅम्पवर मध्येच थांबा. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी साधारण दोन सेकंद धरून राहते. त्यानंतर काय होतं ते बघा. मग तोच रॅम्प रिव्हर्समध्ये चढा. घरातल्या सगळ्यात कमी सराव असलेल्या चालकालाही हे करू द्या, शक्यतो खाली कोणी नसताना. एएमटी घ्यायची की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा या रॅम्पवरच लागतो.

ओव्हरटेक. मोकळ्या रस्त्यावर ५०च्या वेगाने चला आणि ८०पर्यंत न्या. पाय दाबल्यापासून गाडी पुढे झेपावेपर्यंत किती वेळ जातो? एएमटी गिअर उतरवताना एक क्षण घेते, डीसीटी जवळजवळ घेत नाही, सीव्हीटी आवाज आधी करते. मॅन्युअलमध्ये चौथ्यावर होतं की तिसरा टाकावा लागतो? दुपदरी रस्त्यावर एसटीला ओलांडताना हाच क्षण लागतो.

उतार. शेवटी एखाद्या लांब उतारावर जा. पायाने ब्रेक न दाबता गिअर खाली आणून गाडी आवरते का, हे बघा. ऑटोमॅटिकमध्ये एल (खालच्या गिअरची जागा) किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय आहे का, आणि ती वापरायला सोपी आहे का? सीव्हीटीत इंजिनाने गाडी आवरणं आपणहून कमी जाणवतं, म्हणून एल किंवा स्पोर्टचं बटण शोधून ठेवा.

सावधान: उतारावर न्यूट्रल टाकू नका, ना मॅन्युअलमध्ये ना ऑटोमॅटिकमध्ये. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो, त्यामुळे न्यूट्रलने काही वाचत नाही. उलट सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर असे अपघात वारंवार झाले आहेत.

सीएनजी घेणार असाल तर हे सगळं सीएनजीवर करा. दाखवायला आणलेली गाडी अनेकदा पेट्रोलवर चालवली जाते. डॅशबोर्डवरचा दिवा बघा.

प्रत्येक टेस्ट ड्राइव्हनंतर घरी पोहोचण्याआधी पाच ओळी लिहा. तिसरी गाडी चालवेपर्यंत पहिली आठवत नाही.

## ६. बुकिंगआधी तीन प्रश्न, डिलिव्हरीपूर्वी तीन तपासण्या

बुकिंगआधी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन विचारा, विक्री विभागात नाही: या गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलावं लागतं आणि खर्च किती? क्लच वॉरंटीत येतो का? घासणाऱ्या भागांना अनेकदा पूर्ण वॉरंटी नसते. वाढीव वॉरंटीत डीसीटी किंवा एएमटीचं नियंत्रण यंत्र धरलेलं आहे का? उत्तर लेखी मागा.

बुकिंगच्या पावतीवर इंजिन, इंधन, गिअरबॉक्स आणि व्हेरिएंट चारही स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "टॉप मॉडेल, ऑटो" असं लिहिलेलं चालणार नाही.

डिलिव्हरीपूर्वी, नोंदणी होण्याआधीच, चेसिस आणि इंजिन नंबर कागदांशी जुळवा. ओडोमीटर बघा. गाडी सुरू करून सगळे गिअर, रिव्हर्ससकट, टाकून बघा आणि पार्किंगच्या आवारातच पुढे-मागे करा.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका आणि इंजिन फार ताणू नका. नेमक्या सूचना गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतात. नंतर खरं ॲव्हरेज मोजा: टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुन्हा त्याच पंपावर पहिल्यांदा नोझल बंद होईपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं तीन-चार टाक्यांचं ॲव्हरेज काढा. दुसऱ्या पायरीतल्या हिशोबात तुम्ही धरलेल्या आकड्यापेक्षा ते २० टक्क्यांहून कमी आलं, तर पहिल्या मोफत सर्व्हिसिंगलाच ही नोंद दाखवा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या.